नवाचा ताळा आणि सॉकेटची परीक्षा

जुन्या पंतोजींच्या शाळेंत गुणाकार झाला कीं पाटी लगेच पुढें करावयाची नाहीं, आधीं ताळा पाहावयाचा, असा दंडक असे. सत्तेचाळीसांस तेविसांनीं गुणिलें, उत्तर १०८१ आलें. आतां ४७ चे आंकडे मिळविले म्हणजे ११, त्याचे २. २३ चे ५. दोहोंचा गुणाकार १०, म्हणजे १. उत्तराचे आंकडे मिळविले तर तेहि १०, म्हणजे पुन्हां १. ताळा जमला, पाटी पंतोजींपुढें ठेवण्यास हरकत नाहीं! पण या नवाच्या ताळ्यांत एक मेख आहे. घाईंत एखाद्या मुलानें १०८१ च्या ऐवजीं १८०१ लिहिलें, तरी ताळा जमतोच. ताळा चुकला तर हिशेब खचित चुकला. ताळा जमला म्हणून हिशेब बरोबरच, असें मात्र नव्हे. या साध्या गोष्टींत जें तत्त्व आहे, त्याचा आजच्या एका अगदीं नव्या धंद्याशीं फार जवळचा संबंध आहे, आणि तो धंदा आतां आमच्या कित्येक वाचकांच्या माजघरापर्यंत येऊन पोंचला आहे. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें एके काळीं शेतामळ्यांचें गांव होतें. आज तेथें उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि सकाळ झाली कीं वाकडच्या बाजूनें हिंजवडीस जाणाऱ्या तरुण मंडळींची रीघ लागते. या वस्तीची मौज अशी कीं, एकाच घरांत पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाचीं दोन युगें एकत्र नांदतांना दिसतात. आजोबा भोसरी-आकुर्डीकडच्या कारखान्यांतून सेवानिवृत्त झालेले. नातवंडें हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कांत संगणकापुढें बसणारीं. आमच्या परिचयाच्या अशाच एका घरांत अलीकडे एक प्रश्न उपस्थित झाला. घरच्या मुलीस तिच्या कचेरींत दोन कामांपैकीं एक निवडण्यास सांगण्यांत आलें होतें: संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें जाळ्यावरील दळणवळणाच्या नव्या सोयी लिहिण्याचें, अथवा त्या सोयींच्या स्वयंचलित चाचण्या लिहिण्याचें. मुलीचा कल दुसऱ्या कामाकडे होता. काकांस तें पटेना. "दुसऱ्यानें केलेलें तपासावयाचें, म्हणजे आपण स्वतः कांहींच करावयाचें नाहीं," असें त्यांचें म्हणणें. त्यांतून तिच्यासाठीं स्थळें पाहणें चाललेलें, आणि वरपक्षाकडून हल्लीं "मुलगी टेस्टिंगमध्यें कीं डेव्हलपमेंटमध्यें?" असा प्रश्न सरळ विचारला जातो, हें पुष्कळांस अनुभवानें ठाऊक असेल. तेव्हां प्रश्न एका घरापुरता नाहीं. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हें काम मुळांत काय आहे तें पाहूं.

संगणकांतील बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅमास बाहेरच्या जगाशीं बोलावें लागतें. बँकेचे पैसे पाठविणें, परदेशीं असलेल्या मुलाचें तोंड पडद्यावर पाहणें, रेल्वेचें तिकीट काढणें, हें सर्व त्यांतच आलें. परंतु प्रोग्रॅम स्वतः तारेवर कांहीं पाठवीत नाहीं. तो ऑपरेटिंग सिस्टिमपाशीं एक दार मागतो. त्या दारास सॉकेट म्हणतात. दारास क्रमांक द्यावयाचा, कोणी येतो कां म्हणून कान देऊन बसावयाचें, आलेल्यास आंत घ्यावयाचें, बोलावयाचें, ऐकावयाचें आणि शेवटीं दार लावावयाचें, एवढाच त्याचा व्यवहार. ही पद्धति कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनीं इ. स. १९८३ मध्यें आपल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तींत प्रसिद्ध केली, आणि आजहि लिनक्स, विंडोज, आपल्या खिशांतील फोन, सर्वत्र थोड्याफार फरकानें तीच चालते. दारामागचें टपालखातें ज्या नियमांनीं चालतें, त्यांतील मुख्य नियमसंग्रहाचें नांव टीसीपी. तो इ. स. १९८१ मध्यें लिहिला गेला व इ. स. २०२२ मध्यें नव्यानें संकलित झाला.

टीसीपी एक वचन देतो: संभाषण चालूं आहे तोंपर्यंत पाठविलेलीं अक्षरें त्याच क्रमानें, मधलें एकहि न गाळतां पोंचतील. दुसरें एक वचन मात्र तो देत नाहीं, आणि नवशिके तेथेंच फसतात. तुम्ही एकदां शंभर व एकदां पन्नास अक्षरें पाठविलीं, तर पलीकडच्यास तीं शंभर व पन्नास अशींच मिळतील असा नेम नाहीं. एकदम दीडशें मिळतील, किंवा आधीं सत्तर व मग ऐशीं. ओतणाऱ्यानें पाणी तांब्यांनीं ओतलें, तरी पन्हाळींतून येणाऱ्या धारेंत तांब्यांची खूण राहत नाहीं, तसेंच हें. आतां एखाद्यानें अशी चाचणी लिहिली कीं, "शंभर पाठव, एकदां वाच, शंभर आलीं तर पास." ती त्याच्या टेबलावरील यंत्रावर हजार वेळां पास होईल, आणि गर्दीच्या एखाद्या दिवशीं नापास होईल. दोष टीसीपीचा नव्हे. परीक्षकानेंच नियम न वाचतां प्रश्नपत्रिका काढली!

अशी परीक्षा घेण्यास पुण्यास एक व न्यूयॉर्कास एक यंत्र ठेवावें लागतें, असें मात्र नाहीं. लिनक्समध्यें एकाच यंत्राच्या पोटांत दोन स्वतंत्र जाळीं मांडतां येतात. प्रत्येकाचे पत्ते निराळे, दारें निराळीं, व दोहोंमध्यें एक काल्पनिक तार. भातुकलीचा संसारच म्हणाना. पण या भातुकलींतील चूल खरी पेटते. त्या तारेवरून माल ज्या लहान लहान पाकिटांतून जातो, त्यांवर परीक्षक मुद्दाम विघ्नें आणतो: शंभरांतील पांच हरवितो, कांहीं उशिरां सोडतो, कांहींचा क्रम उलटा करतो. गूगलमधील अभियंत्यांनीं याच कामासाठीं केलेलें पॅकेटड्रिल नांवाचें एक साधन इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत नाटकाच्या संहितेप्रमाणें लिहावयाचें असतें: अमुक क्षणीं अमुक पाकीट आलें असें समज, आतां ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानें, म्हणजे कर्नेलानें, इतक्या अवधींत असेंच उत्तर दिलें पाहिजे. उत्तर निराळें आलें, किंवा वेळ टळली, तर नापास. या साधनाच्या साहाय्यानें लिनक्समधील दहा दोष सांपडून दुरुस्त झाले, असें त्याच्या कर्त्यांनीं त्याच वर्षीं नमूद केलें आहे.

वर सांगितलेल्या घरांतील आजोबांचा सारा जन्म एका कारखान्याच्या तपासणी खात्यांत गेलेला. त्यांनीं नातीचें हें सर्व बोलणें शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न केला:

"तुझ्या परीक्षेला नो-गो बाजू आहे का?"

पिंपरीपासून चाकणपर्यंत कोणत्याहि कारखान्यांत ज्यानें पाऊल टाकलें आहे, त्याला या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों. लोखंडांत पाडलेलें भोक मापांत आहे कीं नाहीं हें पाहण्यास दोन टोकांचा एक दांडा असतो. त्यास प्लग गेज म्हणतात. त्याचें "गो" टोंक भोकांत सहज गेलें पाहिजे. "नो-गो" टोंक आंत जातां कामा नये. नुसतें "गो" टोंक घालून जो समाधान मानतो, तो हव्या त्याहून मोठ्या भोकासहि पास करून मोकळा होतो.

"आहे ना, आजोबा," नात म्हणाली. "दाराचा क्रमांक दुसऱ्यानें आधींच घेतला असेल, तर नकार मिळालाच पाहिजे. पलीकडचा निघून गेल्यावरहि कोणी बोलत राहिला, तर त्याला चूक कळलीच पाहिजे. १०२४ च्या खालचे क्रमांक अधिकार नसलेल्याला मिळतां कामा नयेत. शिवाय नवी चाचणी लिहिली कीं मी ती आधीं मुद्दाम बिघडविलेल्या कर्नेलावर चालवितें. तिथें ती नापास झाली पाहिजे. तिथेंहि पास झाली, तर माझी चाचणीच खोटी."

"मग हें माझ्याच खात्याचें काम," आजोबा म्हणाले. "फक्त भोक दिसत नाहीं एवढेंच. तुमच्या काकाला समजावतों मी."

आमच्या मतें सगळ्या विषयाचें मर्म नातीच्या शेवटच्या वाक्यांत आहे. जी चाचणी कधीं नापास होऊंच शकत नाहीं, ती चाचणी नव्हे. तो नुसता शिक्का होय. नवाच्या ताळ्यानें १८०१ लाहि पास केलें, तेव्हां तेवढ्या चुकीपुरता तोहि शिक्काच झाला होता. चांगला परीक्षक आपल्या चाचणीस कोणती चूक दिसत नाहीं हें आधीं शोधतो, आणि त्या चुकीसाठीं दुसरी चाचणी लिहितो.

याच्या उलट दुसरा रोग लहरी चाचणीचा. ऐकणारा प्रोग्रॅम सुरू करावा, एक सेकंद थांबावें, मग बोलणारा सुरू करावा, असें पुष्कळजण योजितात. स्वतःच्या यंत्रावर एक सेकंद पुष्कळ होतो. परंतु ज्या यंत्रावर एकाच वेळीं शेंकडों चाचण्या चालल्या आहेत, तेथें ऐकणारा दीड सेकंदानें जागा होतो, आणि दोष कोणाचाच नसतां परीक्षा नापास! उपाय सोपा, पण शिस्तीचा आहे: घड्याळ पाहूं नये, दार उघडल्याची खूण पाहावी, आणि मग बोलावें. तीच गोष्ट दाराच्या क्रमांकाची. परीक्षकानें ८०८० हाच क्रमांक धरून ठेवला आणि चाचणी लागोपाठ दोनदां चालविली, तर दुसऱ्या वेळीं नकार मिळूं शकतो. कारण संभाषण आधीं संपविणाऱ्या बाजूची ती जागा लिनक्स साठ सेकंदांपर्यंत राखून ठेवतो. ही त्याची लहर नव्हे. भाडेकरू खोली सोडून गेला, तरी त्याचीं मागाहून येणारीं पत्रें नव्या भाडेकरूच्या हातीं पडूं नयेत म्हणून खोली थोडा वेळ रिकामी ठेवावी, तसें हें शहाणपण आहे. जाणता परीक्षक म्हणून शून्य हा क्रमांक मागतो. त्याचा अर्थ "मोकळें असेल तें कोणतेंहि दार दे" असा होतो. या बारकाव्यांकडे दुर्लक्ष झालें तर चाचणी आज पास, उद्यां नापास, परवां पुन्हां पास अशी होते. आणि मग "लांडगा आला रे आला" या गोष्टींतल्याप्रमाणें लाल अक्षरांकडे पाहून न पाहिल्यासारखें करण्याची संवय जडते. खरा लांडगा येतो त्या दिवशीं कोणी मान वर करीत नाहीं.

खरा लांडगा कसा येतो, याचें एक उदाहरण फार बोलकें आहे. इ. स. २०१९ च्या जून महिन्यांत नेटफ्लिक्स कंपनींतील जोनाथन लूनी या अभियंत्यानें शोधलेला लिनक्सच्या टीसीपींतील एक दोष प्रसिद्ध झाला. तो इ. स. २००९ मध्यें निघालेल्या २.६.२९ या आवृत्तीपासूनचा, म्हणजे दहा वर्षांचा जुना होता. त्यांतील गणित शाळकरी मुलासहि समजेल असें आहे. पाठवावयाच्या मालाची एक थैली. तिच्यांत अधिकांत अधिक १७ कप्पे, व प्रत्येकांत ३२ किलोबाइटपर्यंत माल. या थैलीचीं किती पाकिटें होतात, ती संख्या कर्नेल एका लहान खणांत लिहितो. त्या खणांत ६५,५३५ हून मोठी संख्या मावत नाहीं. एरवीं एका पाकिटांत चौदाशें बाइटांच्या आसपास माल जातो, म्हणून संख्या लहानच राहते. परंतु "मला अगदीं लहान पाकिटें पाठव," असा पलीकडच्यानें हट्ट धरला, तर पाकिटाची मर्यादा ४८ बाइटांपर्यंत उतरे. त्यांतले ४० बाइट पुरवणीच्या खुणांत गेले म्हणजे मालास अवघे ८ उरत. आतां सतरा गुणिले बत्तीस गुणिले १०२४ करा, ५,५७,०५६ होतात. त्यांस आठांनीं भागा, ६९,६३२ येतात. खण भरून वाहिला, आंकडा उलटला, आणि "हें असंभव आहे" असें पाहून कर्नेलानें स्वतःस थांबविलें. म्हणजे दूर देशींच्या एखाद्या दुष्टानें विचित्र पाकिटांची माळ पाठविली कीं सबंध यंत्र बंद!

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर त्यांत चूक काढतां येत नाहीं. सतरा बरोबर, बत्तीस बरोबर, अठ्ठेचाळीसहि बरोबर. तिन्ही एकत्र आणून "आतां काय होतें?" असें विचारणाऱ्याची वाट दोष दहा वर्षें पाहत होता. आणि कथा येथें संपत नाहीं. त्याच वेळीं उघडकीस आलेल्या जोडीच्या दुसऱ्या दोषावर जो इलाज करण्यांत आला, तो थोडा अधिकच कडक ठरला. ज्या प्रोग्रॅमांनीं पाठवणीच्या मालाची कोठी मुद्दाम लहान ठेविली होती, त्यांचीं वाटेंत हरवलेलीं पाकिटें पुन्हां पाठविणेंच अडूं लागलें, व पुढच्या महिन्यांत त्या दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली. म्हणून जुनी चाचणी कधीं टाकून द्यावयाची नसते. एकदां सांपडलेला दोष चाचणीच्या रूपानें वहींत कायम राहावा, आणि नवी ओळ लिहिली गेली कीं सारी वही पुन्हां वाचली जावी. हजारों पानांची वही रोज वाचणें माणसाच्यानें होणें नाहीं. हें काम यंत्राकडे सोंपविण्याचें कारण हेंच.

या चाचण्यांतील एक रीत आम्हांस विशेष आवडली. लिनक्सच्या गाभ्याबरोबर ज्या चाचण्या येतात, त्यांना पास आणि नापास यांखेरीज तिसरें उत्तर देण्याची मुभा असते. परीक्षेस लागणारें साहित्यच यंत्रावर नसेल, तर चाचणी ४ हा ठराविक आंकडा परत देते. त्याचा अर्थ "वगळली" असा होतो. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या दुसऱ्या मोठ्या संग्रहांत तर "ही सोय या यंत्रावर नाहीं" आणि "परीक्षेची मांडणीच मोडली" अशीं दोन निराळीं उत्तरें आहेत. जें पाहिलें नाहीं, तें "पाहतां आलें नाहीं" असेंच लिहावयाचें. कोणत्याहि कचेरींत, आणि खरें सांगावयाचें तर कोणत्याहि घरांत, हा नियम पाळणें किती कठीण आहे, हें वाचकांनीं आपल्याशींच आठवून पाहावें. वगळलेल्या चाचण्या पास झालेल्यांत मिळवून वरिष्ठांस गोड संख्या दाखविण्याचा मोह परीक्षकास पदोपदीं होतो. आणि त्याची खरी परीक्षा तेथेंच होते.

अलीकडे यांत आणखी एक भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें मागतांक्षणीं पन्नास चाचण्या लिहून देतात, आणि त्या पन्नासहि पास होतात! काकांसारख्यांस यावरून वाटूं लागतें कीं, हें काम आतां यंत्रच करील, माणसाची जरूरच काय? आम्हांस नेमकें उलट वाटतें. प्रोग्रॅम सांप्रत जें करीत आहे तेंच बरोबर धरून लिहिलेली चाचणी पास होणारच. १८०१ पाहून १८०१ हेंच उत्तर पाटीवर उतरवून घेण्यासारखें तें आहे. नियम काय सांगतो, प्रोग्रॅमानें काय करावयास हवें होतें, आणि कोणत्या प्रसंगीं तो मोडेल, हें ठरविणारें माणूस तेथें नसेल, तर पन्नास शिक्के उठतील, परीक्षा एकहि होणार नाहीं. चाचण्या लिहून मिळणें जितकें स्वस्त होईल, तितकी त्या बिघडलेल्या यंत्रावर चालवून पाहणाऱ्या माणसाची किंमत वाढेल.

ज्या पट्ट्यांत हें पिंपळे सौदागर वसलें आहे, त्याला तपासनिसाचें मोल नव्यानें शिकविण्याची गरज पडूं नये. शेजारच्या पिंपरीस इ. स. १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. औषधाची कुपी जंतुरहित आहे कीं नाहीं हें पाहणारा मनुष्य स्वतः औषध करीत नाहीं, म्हणून त्याला कोणी रिकामटेकडा म्हणेल काय? रोग्याच्या शिरेंत सुई जाते ती त्याच्या सहीच्या भरंवशावर. सॉकेटच्या चाचणीवर कोणाची सही दिसत नाहीं, एवढाच भेद. रात्रीं मुलानें पाठविलेले पैसे सकाळीं आईच्या खात्यांत पूर्ण येऊन पडतात, तेव्हां त्यामागें कोणीतरी कोठें तरी तीच वाट शेंकडों वेळां मुद्दाम मोडून पाहिलेली असते.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं ज्या घरांत असा प्रश्न येईल, तेथील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे कीं, कामाच्या नांवावरून त्याची पायरी ठरवूं नये. वरपक्षानेंहि "टेस्टिंग कीं डेव्हलपमेंट" हें विचारण्याऐवजीं, मुलीनें लिहिलेल्या चाचणीनें आजवर कोणता दोष पकडला, हें तिलाच आदरानें विचारावें. उत्तर ऐकण्यास थोडा वेळ लागेल, कारण बहुधा ती कागद-पेन्सिल मागून घेईल. त्या घरच्या मुलीनें चाचण्यांचेंच काम पत्करलें आहे. आणि काका परवां तिला विचारीत होते कीं, शून्य क्रमांकाचें दार मागितलें तर कोणतें मिळतें, तें आधीं कळतें कां नंतर.